सापळे कुठे उतरवलेस?

टार्बेल हार्बरच्या खाडीत शेवंडांच्या सापळ्यांची खूण म्हणून वर तरंगणारे काळे बोये फक्त रोवीना टिबेट्सचे. पाण्यात काळा रंग दिसत नाही. सकाळच्या धुक्यात तर स्वतःचाच सापळा शोधायला माणूस तासभर घिरट्या घालतो. म्हणून अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर शहाणा माणूस आपले बोये पिवळे, लाल, झालंच तर हिरवे रंगवतो. धक्क्यावरचे लोक पहिल्या वर्षी हसले. "रोवीना, शेवंडांचं सुतक पाळतेस काय गं?"

"शेवंडांचं नाही," ती म्हणाली. मग कुणी हसलं नाही.

तिला हवे होते ते रंग वेगळे होते. नारिंगी बुड, पांढरी कंबर आणि दांडीला हिरवं कडं. हे क्रोली घराण्याचे रंग. आजोबांनी ते मुलाला दिले आणि मुलाने, हार्लन नावाचा धडधाकट मुलगा घरात असताना, मुलीला दिले. त्या मुलीचं नाव ग्लेनिस. ती बारा वर्षांची असल्यापासून बापाबरोबर समुद्रावर जायची, आणि हार्लनला तेव्हा बोट लागायची. बापाचा निर्णय सरळ होता. हार्लनने तो जन्मभर गिळला, पण त्याला तो पचला मात्र नाही.

या खाडीत रंग रक्ताच्या नात्याने जातात, नाहीतर लग्नाच्या. तिसरी वाट नाही.

रोवीना ग्लेनिसच्या बोटीवर गडी म्हणून चढली तेव्हा तेवीस वर्षांची होती. गड्याचं काम म्हणजे सापळ्यात खारवलेल्या हेरिंग माशांचं आमिष भरायचं, शेवंडांच्या नांग्यांना रबर चढवायचं, सापळा परत ढकलायचा. दुसऱ्या हिवाळ्यात ती ग्लेनिसच्या घरी राहायला गेली आणि पुढची चोवीस वर्षं तिथेच राहिली. गावाला ठाऊक होतं. गाव त्याबद्दल बोलत नव्हतं, आणि दोघींनी या न बोलण्यालाच चांगुलपणा समजून घेतलं. शनिवारी चर्चच्या तळघरात बीन्सचं जेवण असलं की दोघींना शेजारी शेजारी बसवायचे. तेवढ्यावर दोघी समाधानी होत्या. रोवीनाला पुढे स्वतःचा सर्वांत जास्त राग आला तो या समाधानाचा.

२००३च्या ऑक्टोबरमध्ये ग्लेनिस धक्क्यावर आमिषाचं पिंप उचलताना कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. मृत्युपत्र नव्हतं. पन्नाशीच्या आतली, अंगात घोड्यासारखी ताकद असलेली बाई कशाला मृत्युपत्र करते?

खाडीचा एक रिवाज आहे. बोटीचा मालक गेला किंवा जायबंदी झाला की बाकीच्या सगळ्या बोटी एका सकाळी निघतात, त्याचे सापळे ओढून आणतात आणि त्याच्या बायकोच्या दारात रचून ठेवतात. सापडलेली शेवंडं विकून येतील ते पैसे तिच्या हातात. या कामाला कुणी बोलावत नाही आणि कुणी नाही म्हणत नाही. एल्विन नावाचा मच्छीमार बुडाला तेव्हा असंच झालं, त्याच्याआधी त्याच्या चुलत्याच्या वेळीही.

ग्लेनिसच्या वेळीही बोटी निघाल्या. रोवीना घराच्या पायरीवर बसून होती. अंगणातला लाकूडफाटा बाजूला सारून तिने सापळ्यांना जागा केली होती, आणि येणाऱ्यांसाठी कॉफीचं मोठं भांडं चुलीवर ठेवलं होतं. दुपारी तिला बोटी परतताना दिसल्या. त्या वळल्या नाहीत. सरळ हार्लनच्या धक्क्याला लागल्या.

कॉफी आटून तळाला लागली. ते भांडं तिने पुढे कधी वापरलं नाही आणि फेकलंही नाही.

पेपरातल्या मृत्युवार्तेत होतं: मागे भाऊ हार्लन, भावजय मर्ना आणि इमानी गडी आर. टिबेट्स. वसंतात घर हार्लनच्या नावावर झालं. एव्हाना तोही मासेमारी करायचा; त्याने आपले निळे बोये गुदामात टाकले आणि नारिंगी बाहेर काढले. रोवीनाने गावाच्या टोकाला एक खोलीचं घर घेतलं, एक म्हातारी बोट घेतली, परवाना काढला आणि बोये काळे रंगवले. बोटीचं नाव ठेवलंच नाही.

हार्लन पुढे आमदार झाला. मेनमध्ये आमदारकी हा काही पोटापाण्याचा धंदा नाही. शिक्षक, शेतकरी, मच्छीमार कुणीही हिवाळ्यात राजधानीत, ऑगस्टाला, जाऊन बसतो. २००९मध्ये विधिमंडळात दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना लग्न करू देणारा कायदा आला. रोवीना लाल स्वेटर घालून प्रेक्षकांच्या सज्जात बसली होती. हार्लन उठला.

"माझी सख्खी बहीण एकटी जगली आणि एकटी गेली," तो म्हणाला. "तिला अशा कायद्याची कधी गरज पडली नाही. आमच्या गावात कुणालाच पडली नाही."

शेजारी टेस बसली होती. टेस लुइस्टनची, फ्रेंच घरातली, तिशीची मुलगी. या कायद्यासाठीच्या मोहिमेची किनाऱ्यावरची संघटक. तिने रोवीनाचा हात धरला. रोवीनाने तो सोडवून घेतला. तिला दोन्ही हात मोकळे हवे होते, का ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

कायदा मंजूर झाला. राज्यपालांनी सही केली. पण विरोधकांनी सह्या गोळा करून तो सार्वमताला लावला. नोव्हेंबरात लोक ठरवणार, कायदा ठेवायचा की खोडायचा.

आणि त्या उन्हाळ्यात रोवीनाने चूक केली. खाडीत कुणाला धमकी द्यायची तर त्याच्या बोयाच्या दांडीला दोरीची एक जास्तीची गाठ मारतात. पहिल्यांदा गाठ, मग दोर कापलेला. एका सकाळी हार्लनला त्याच्या एकूण एक नारिंगी बोयावर गाठ सापडली.

गाठ कुणाची हे सांगावं लागलं नाही. हार्लनने त्यातला एक बोया गाठीसकट चर्चच्या तळघरात नेला, बीन्सच्या पातेल्याशेजारी ठेवला आणि म्हणाला, "हे बघा. यांना लग्न हवंय म्हणे. यांना आपल्या पोटावर पाय हवाय." गावातल्या कुंपणाकुंपणावर विरोधाच्या पाट्या लागल्या. जे घरात बसणार होते तेही मत द्यायला आले. कायदा राज्यात पडला, आणि टार्बेल हार्बरमध्ये तर भुईसपाट झाला.

"तुम्ही एकटीने अख्खं गाव घालवलंत," टेस म्हणाली. "एका सकाळीत."

"दोर कापला नाही हे तुला दिसत नाही."

"कापला असतात तर तुरुंगात भेटायला आले असते. मग तरी बोलायला निवांत वेळ मिळाला असता."

रोवीनाला ही मुलगी तेव्हापासून आवडायला लागली.

तीन वर्षांनी, २०१२मध्ये, टेसच्या लोकांनी स्वतःच सह्या गोळा करून प्रश्न पुन्हा मतदानाला लावला. या वेळी पद्धत वेगळी होती. दारोदार जायचं, भांडायचं नाही, वाद घालायचा नाही. समोरच्याला त्याच्या लग्नाबद्दल विचारायचं, आपल्याबद्दल सांगायचं. टेसने शाळेच्या व्यायामशाळेत सगळ्यांना शिकवलं. "प्रेमाबद्दल बोला," ती म्हणाली.

"प्रेमाबद्दल मी ग्लेनिसशी बोलायचे," रोवीना म्हणाली. "या लोकांशी काय बोलू?"

"मग काय बोलणार आहात?"

"एक प्रश्न विचारणार आहे."

पहिलं दार तिने डेल्बर्टचं वाजवलं. डेल्बर्ट खाडीतला सगळ्यांत जुना माणूस. बोटी निघायच्या तर त्याच्या मागून निघायच्या. तो जाळी विणत बसला होता. त्याची बायको नदीन आत फळं भरून भाजायच्या पाईची कणीक लाटत होती.

"पत्रकं ठेव आणि जा," डेल्बर्ट म्हणाला. "शेकोटी पेटवायला बरी पडतात."

"पत्रकं नाहीत. एक विचारायचंय. एल्विन बुडाला तेव्हा त्याचे सापळे कुठे उतरवलेस?"

"कुठे म्हणजे? त्याच्या बायकोच्या अंगणात."

"आणि ग्लेनिसचे?"

डेल्बर्टचा हात जाळीवर थांबला. "बये, त्याला आता वर्षं झाली."

"नऊ. कुठे उतरवलेस?"

"तुला ठाऊक आहे."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"हार्लनच्या धक्क्यावर," तो म्हणाला. मग जरा चिडून, "मग कुठे उतरवायचे? कायद्याने तू कोण होतीस?"

"एल्विनची बायको दोन वर्षं दुसऱ्याबरोबर बँगरला राहत होती. तिच्या अंगणात उतरवलेस. मी चोवीस वर्षं त्याच घरात होते. कॉफी ठेवली होती तुमच्यासाठी."

आतून लाटण्याचा आवाज थांबला होता.

"आता कायद्याने मी कोण ते मतपत्रिकेवर लिहून द्यायची वेळ आलीय," रोवीना म्हणाली. "तू लिहायचंस. नाहीतर बोट परत हार्लनच्या धक्क्याला लाव."

"विचार करीन."

"करील, करील," नदीन आतून ओरडली. "त्याला विचार करायला भरती लागते."

असं ती दार दार फिरली. त्या सकाळी बोट घेऊन गेलेला एकही माणूस तिने सोडला नाही. कुणी दार आपटलं. एकाने कुत्रा सोडला. कुत्र्याला हेरिंगचा वास ओळखीचा होता, तो तिचे हात चाटत बसला. एक जण दारातच रडायला लागला. त्याला तिने धीर दिला नाही. उत्तर मिळेपर्यंत उभी राहिली आणि पुढच्या दाराकडे निघाली. टेसच्या शिकवणीतला एकही नियम तिने पाळला नाही.

नोव्हेंबरात राज्यात कायदा झाला. लोकांनी स्वतः मत देऊन तो केला. टेसने पोर्टलंडहून फोन केला; मागे गाणी, रडणं, हसणं. "जिंकलो, रोवीना!"

"गावाचं काय?"

"गावात हरलो. पण थोडक्यात. मागच्यासारखं नाही."

"आणि हार्लन?"

 हार्लन पुन्हा निवडून आला होता.

"अभिनंदन," रोवीना म्हणाली आणि फोन ठेवला. कायदा जिवंतांसाठी असतो. मेलेल्या बाईशी लग्न लावून देणारा कायदा कुणी करत नाही. तिचे बोये काळेच राहिले.

पुढच्या ऑक्टोबरात हार्लनचा हात ओढयंत्राच्या दोरात अडकला. त्याच्या गड्याने यंत्र बंद केलं म्हणून जीव वाचला, पण खांदा उखडला आणि हाड तीन ठिकाणी मोडलं. आठवड्याच्या शेवटी वादळ यायचं होतं. सापळे वर काढले नाहीत तर खडकांवर चुरा होणार होता. डेल्बर्टने इंजिन सुरू केलं. बाकीच्या बोटी त्याच्यामागे लागल्या. शेवटी बिननावाची बोट येऊन रांगेत उभी राहिली.

डेल्बर्टने रेडिओवर विचारलं, "तू कुठे निघालीस?"

"जायबंदी माणसाचे सापळे ओढायला. रिवाज आहे ना?"

"गाठी नाही ना मारणार?"

"गाठी सोडवायला चाललेय."

तिने आपल्या वाट्याची रांग ओढली. सापळा वर आला की शेवंडं काढायची, सापळा नीट रचायचा, दोर गुंडाळायचा. तिच्याइतकी नीट रचाई त्या दिवशी कुणाची नव्हती. फक्त प्रत्येक दोरापासून तिने बोया सोडवला आणि आपल्या केबिनमध्ये टाकला.

हार्लनच्या धक्क्यावर मर्ना उभी होती. हार्लन आपल्या ट्रकमध्ये बसून बघत होता, हात गळ्यात बांधलेला. रोवीनाने सापळे एकावर एक उतरवले आणि शेवंडांची पेटी मर्नाच्या पायाशी ठेवली.

"तू त्याची बायको आहेस म्हणून तुझ्याकडे," ती म्हणाली. "असंच करायचं असतं."

मर्नाचा चेहरा लाल झाला. तिला सापळ्यांचे उघडे दोर दिसले. "बोये कुठे आहेत?"

"सापळे तुझ्या नवऱ्याचे. रंग माझ्या बायकोचे."

ट्रकचं दार उघडलं. हार्लन वेदनेने वाकत खाली उतरला. "ते माझ्या आजोबांचे रंग आहेत. परवान्यावर ते माझ्या नावाने आहेत."

"आजोबांनी तुझ्या बापाला दिले. बापाने ग्लेनिसला दिले. तुला पारखलं आणि मग तिला दिले. आज तू मेला असतास तर ते मर्नाला गेले असते आणि इथल्या एकानेही तोंड उघडलं नसतं."

"डेल्बर्ट!" हार्लन ओरडला. "सांग हिला."

धक्क्यावर सगळ्या बोटी लागल्या होत्या. दहा वर्षांपूर्वी लागल्या होत्या तशाच. डेल्बर्टने टोपी मागे सारली. मग आपल्या बोटीतल्या सापळ्यांकडे वळला, चाकू काढला आणि पहिला बोया सोडवला. हातभर अंतरावरून तो त्याने रोवीनाच्या बोटीत फेकला. मग दुसरा.

"परवाना सरकारचा," तो हार्लनकडे न बघता म्हणाला. "खाडी आपली."

आणखी दोघांनी चाकू काढले. एकाने नाही, तो आपले सापळे बोयांसकट उतरवून, थुंकून निघून गेला. बाकीचे पाण्याकडे बघत उभे राहिले. पण अडवलं कुणीच नाही, आणि खाडीत निकाल असाच लागतो.

"उशीर झाला," डेल्बर्ट शेवटचा बोया टाकताना पुटपुटला.

"तुला भरती लागते," रोवीना म्हणाली. तिने आभार मानले नाहीत.

त्या हिवाळ्यात तिने परवान्यावरचा रंग बदलून घ्यायचा अर्ज केला. हार्लन हरकत घेईल अशी तिची खात्री होती, आणि त्याची ती वाट बघत होती. त्याने हरकत घेतली नाही. वसंतात त्याने गुदामातून निळे बोये काढले. लोक म्हणतात, त्याने ते एका हाताने रंगवले आणि मर्नालाही हात लावू दिला नाही.

काळे बोये रोवीनाने फेकले नाहीत. तिच्या घरावरून धक्क्याकडे रस्ता जातो. हार्लनला दुसरा रस्ता नाही. त्या रस्त्याकडेच्या कुंपणावर तिने ते सगळे खिळ्यांनी ठोकले, शेजारी शेजारी, शेवटी ते तळ जळालेलं कॉफीचं भांडं.

मे महिन्यात मर्ना पाई घेऊन आली. आत आली नाही, फाटकातच उभी राहिली. "रंग मिळाले तुला," ती म्हणाली. "आता ते काळं काढ ना. रोज पहाटे त्याला तिथून जावं लागतं."

रोवीनाने पाई घेतली. ब्लूबेरीची होती, अजून गरम.

"रस्ता सगळ्यांचा आहे, मर्ना," ती म्हणाली. "कुंपण माझं आहे."