खुणेचं खत

जुने सोबती जमले की सुखाच्या दिवसांचं कुणी बोलत नाही; घाम फुटलेल्या दिवसांचेच किस्से निघतात. त्या दुष्काळातले आमचे तर इतके साचलेत, की कुणी नुसतं "चहा घेणार?" म्हटलं तरी आम्ही एकमेकांकडे बघतो!

घाटनांदूरजवळ सहकारी सोसायटीच्या शेतात आमचा शेतकी संशोधकांचा कॅम्प होता. परदेशातल्या एका संस्थेने प्रयोगासाठी खत पाठवलं होतं. त्यातल्या फॉस्फरसला किरणोत्साराची खूण. कमी पाण्यात पिकाने किती खत उचललं, ते पानाजवळ यंत्राची नळी धरली की टिकटिक करून कळणार. आमचे प्रमुख जोशी साहेब, त्यांना एकच धास्ती : "हे गावातल्या कुणाच्या पोटात जाता कामा नये!"

*

खताची पेटी रेल्वेने आली. एवढीशी, पण उचलता चौघांचा दम निघाला.

"काय हाय बे ह्यात?" हमाल म्हणाला.

"बाहेरून शिसं, आत मूठभर खत."

"मूठभर? आन् त्ये बी परदेशातून? आमच्या उकिरड्याला सांगायचं की!" असं म्हणून तो बिडी पेटवायला पेटीवरच बसला. साहेब असे किंचाळले की स्टेशनमास्तर बाहेर आले!

*

त्या खतासकट हरभरा पेरायला वस्तीवरच्या रुक्मिणबाई आल्या. हातमोजे बघून बाई हटून बसल्या.

"पेरताना चाड्यावर मूठ उघड्या हातानंच धरत्यात. भुई काय म्हनंल?"

साहेब गयावया करू लागले. शेवटी बाईंनी हातमोज्यांना हळदकुंकू लावलं आणि मगच ते चढवले. "हां, आता आपले झाले!"

*

सगळं रान करपलेलं, त्यात आमचा तेवढा तुकडा हिरवा. साहेबांनी काट्याचं कुंपण केलं, कवटीची पाटी लावली. सोसायटीचे चेअरमन बघायला आले.

"कवटी कावून लावली, साहेब?"

"आत कुणी जाऊ नये म्हणून."

"मानसं न्हाई जायची. पर शेळीला वाचता येतं का?"

आम्ही लई हसलो. साहेब मात्र हसले नाहीत.

*

आणि एका सकाळी कोपऱ्यातला हरभरा खुडलेला दिसला!

साहेब यंत्र घेऊन धावतच वस्तीवर गेले. मसूआजीच्या पांढऱ्या शेळीच्या लेंड्यांजवळ नळी धरली. टिकटिक! दुधाच्या चरवीजवळ धरली. पुन्हा टिकटिक!

"आजी, ही कधीपासून शेतात जाते?"

"झालं असंल आठ दिस. कुपाला भोक हाय तुमच्या."

आजीच्या मांडीवर दीड वर्षाचा नातू होता. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी नळी पोराच्या पोटाशी नेली. आम्ही सगळे कान लावून उभे.

यंत्र गप्प.

साहेब मटकन खाली बसले. डोळे पुसत म्हणाले, "देव पावला! आजी, ह्याला दूध नाही पाजलं?"

"त्याला कुठलं वो दूध? त्यो कोरा चहा पितो. समदं दूध तुमच्या कॅम्पावर घालते की, रोज सकाळी!"

 साहेबांनी नळी हळूच स्वतःच्या पोटाकडे वळवली.