मन्मथअप्पांची बैठक

मन्मथअप्पा कामाचं बोलायच्या आधी खुर्च्या हलवायचे. पाहुणा दारात उभा, आणि हे कमरेत वाकून खुर्ची वीतभर इकडे, वीतभर तिकडे सरकवतायत. मग स्वतः तिच्यात बसून बघायचे, उठायचे आणि म्हणायचे, "हं. आता बसा." सिरसाळ्याच्या पेठेत लोक म्हणत, शेठ परदेशातून आले ते हे खूळ घेऊनच.

परदेशात ते आपल्या देशाचे राजदूत होते. त्याच्या आधी आणि नंतर कापसाचे व्यापारी. निजामाच्या वेळी हैदराबादेत शिकलेले, त्यामुळे उर्दू-फारसी पक्की. कापसाच्या गाठी विकायला समुद्रापलीकडे फिरलेले. दिल्लीत कुणाला तरी वाटलं, त्या वाळवंटी मुलखात कोट घातलेल्या साहेबापेक्षा हा धोतरवाला बरा. तिकडे काही वर्षं काढून अप्पा परतले, जिनिंगच्या गादीवर बसले आणि पूर्वीसारखी सरकी दाताखाली फोडून बघू लागले.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा गावातली एकुलती एक मॅट्रिक झालेली सून होते आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. हातात बंद पडलेलं घड्याळ, तोंडात रेडिओवरची मराठी. लिहिता येतं म्हणून गावच्या दूध संस्थेची सचिव झाले होते. चेअरमन माझे सासरे, ज्यांना सगळा गाव बापू म्हणे. सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही असा घरचा रिवाज. म्हणून संस्थेचा कारभार मी सासूबाईंना सांगायची आणि सासूबाई बापूंना. बापू हाताच्या अंतरावर बसून सगळं ऐकत असत, तरी त्या पुन्हा सांगायच्या.

त्या वर्षी दुष्काळ पडला आणि आमच्या गावच्या विहिरी तळाला गेल्या. लोक म्हशी बाजाराला नेऊ लागले. दूध आटलं, तसं डेअरीच्या माणसानं सांगून टाकलं की आणखी कमी झालं तर आमच्या गावाला टेंपो येणार नाही. टेंपो बंद म्हणजे संस्था बंद, आणि संस्था हीच त्या वर्षी गावाची एकमेव कमाई. पाणी होतं ते डोंगरावरच्या वाडीत. तिथल्या विहिरीला जिवंत झरा होता. पण वाडीशी आमचं पाणी तुटलेलं. कधीकाळी नारायणगडाच्या जत्रेत दोन पैलवानांची कुस्ती झाली, कुणाची पाठ टेकली यावरून वाद झाला, आणि तेव्हापासून एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या पाण्याचा थेंब तोंडात घालत नसे. दोन्ही पैलवान केव्हाच वारले होते. पाणी तुटलेलंच होतं.

परदेशात तडजोडी करून आलेला माणूस दोन गावांचंही जुळवील, म्हणून मी दुधाच्या टेंपोत पुढं बसून सिरसाळा गाठला. राजदूत म्हणजे हॅट, पाइप, पायाशी कुत्रा, अशी माझी कल्पना. पोत्यांमध्ये उकिडवा बसलेला एक माणूस सरकी चावत होता. त्याला मी विचारलं, "साहेब कुठं आहेत?"

तो म्हणाला, "साहेब दिल्लीला राह्यले. मी अप्पा. काय काम?"

दुपार टळलेली असूनही मी घाईघाईनं "गुड मॉर्निंग सर" म्हणून टाकलं. अप्पांनी तेवढ्याच गंभीरपणे "गुड मॉर्निंग" म्हटलं, माझी खुर्ची तीनदा हलवली आणि मग ऐकून घेतलं.

"खुर्ची कावून हलवली, म्हाईत हाय का सूनबाई?" ते शेवटी म्हणाले. "डोळ्यात ऊन गेलं की माणूस आठी घालतो. समोरच्याला वाटतं, आठी आपल्याचसाठी हाय. निम्मी भांडणं हितंच होतात."

मग विचारलं, "बापू वाडीत जातील?"

"मेले तरी नाही."

"आन् वाडीचे म्होरके, नाना, खाली येतील?"

"ते तर मेल्यावरही नाही."

"म्हंजे जो आदी जाईल तो लहान. तिकडंबी असंच असायचं." त्यांना या उत्तरानं आनंदच झालेला दिसला.

अप्पांनी दोन्हीकडे निरोप धाडले. आमची शीव आणि वाडीची शीव जिथं मिळते त्या बांधाला लागून अप्पांची मोसंबीची बाग होती. त्या बांधावर सतरंजी आडवी अंथरायची: निम्मी आमच्या हद्दीत, निम्मी त्यांच्या. कुणी कुणाकडे जायचं नाही, दोघंही आपापल्या घरी बसणार. बापूंना सांगितलं, पाहुणे नाना. नानांना सांगितलं, पाहुणे बापू. चहासाठी पाणी वाडीचं, दूध आमचं, आणि चहा करणार मी.

बापू सासूबाईंना म्हणाले, "व्यापारी हाय तो. उगं तराजू उचलायचा न्हाई. काय तरी फायदा असंल त्याचा."

मी मात्र रात्रभर जागून स्वागतपर भाषण लिहिलं. त्यात 'सौहार्द' होतं, 'सामंजस्य' होतं, आणि 'उषःकाल'सुद्धा होता. अप्पांनी ते बांधावर उभ्याउभ्या वाचून परत दिलं. "लई झ्याक हाय. पर हे म्हणूस्तवर चहा उतू जाईल."

नाना आले, बापू आले. ऊन फिरलं तशी अप्पांनी दोनदा सगळ्यांना उठवून सतरंजी लिंबाच्या सावलीत सरकवली. दुसऱ्यांदा नाना वैतागून बापूंनाच म्हणाले, "असंच चालायचं का ह्यांचं?" बापू म्हणाले, "माझ्या सुनेला इचारा." इतक्या वर्षांनी दोन गावांमधलं पहिलं बोलणं ते हे.

चहा आला. कपात वाडीचं पाणी होतं आणि आमचं दूध. कुणीच कप उचलेना. अप्पा शांतपणे म्हणाले, "ह्यातलं तुमचं तेवढं वेगळं काढून प्या." नाना हसले, बापूंनी मिशी पुसली आणि दोघांनी कप तोंडाला लावले. मला आजही वाटतं की त्या चहात साखर घालायची राहिली होती. त्याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही.

नाना म्हणाले, "जनावरं आणा वर. पाणी पाजतो. पर एक हाय. आमचं पाणी दिसामाजी खाली चाललंय. झरा पुढं अप्पांच्या बागेत जातो. हे बागेतल्या विहिरीवरलं इंजिन बंद पायजे."

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. बाग समोरच दिसत होती, सगळ्या पिवळ्या माळावर तेवढीच हिरवी. परदेशातून आल्यावर अप्पांनी ती हौसेनं लावली होती आणि पहिलाच बहार धरलेला होता. इंजिनाचा आवाज तिथपर्यंत येत होता. बापू सतरंजीचे दोरे ओढू लागले. अप्पा काय सांगणार हे आपल्याला ठाऊक आहे, असा त्यांचा चेहरा होता.

अप्पांनी माझ्यापुढं कप धरला. मी पुन्हा भरला. तो त्यांनी सावकाश संपवला आणि बागेकडे तोंड करून गड्याला हाक मारली, "इंजिन बंद कर रे."

परतताना मी शहाणपण शिकवलं, "अप्पा, विचाराला वेळ मागून घ्यायचा होता."

"तिकडं मागायचो. तिकडं लई उदार होतो मी. एवढं देऊ, तेवढं देऊ. सगळं दिल्लीचं." थोडं चालून म्हणाले, "पदरचं द्यायचं झालं तर इचार करू न्हाई. इचार केला की व्यापारी जागा होतो."

दुसऱ्या दिवसापासून आमची गुरं डोंगर चढू लागली. टेंपो येत राहिला. बागेत आधी फुलं गळाली, मग पानं, उन्हाळ्याअखेर झाडं वाळून खटखट वाजू लागली. अप्पा संध्याकाळी तिथं जात. एकदा मी सांत्वन करायला गेले, तर झाडाखाली सरकी चावत बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "भाषण आणलंय का?" पुढं पाऊस झाल्यावर त्या रानात त्यांनी तूर पेरली. पुन्हा मोसंबी लावली नाही. बापूंनी तराजूचं बोलणं पुन्हा काढलं नाही. त्या रानाला मात्र मरेपर्यंत 'बाग'च म्हणत राहिले.

पुष्कळ वर्षांनी अप्पा गेले. लिंगायत माणसाला बसवून माती देतात. त्यांची जागा त्याच बांधाशी, लिंबाखाली खणली होती. आपल्या शेवटच्या बैठकीत अप्पा ताठ बसले. घरच्यांची माती घालून झाली आणि मग गावांची पाळी आली. एका अंगाला नाना, एका अंगाला बापू, दोघंही काठीवर आलेले.

"घाला, बापू."

"आदी तुमी. वयानं वडील तुमीच."

"न्हाई न्हाई. मान तुमचा."

पूर्वी आधी जाईल तो लहान म्हणून अडून बसलेली माणसं आता समोरच्याला मान द्यायचा म्हणून अडून बसली. माणसं ताटकळली. तेव्हा मी पदर खोचून पुढं झाले, जन्मात पहिल्यांदा सासऱ्यांशी थेट बोलले, "बापू, हात पुढं करा," आणि दोघांच्या ओंजळीत माती दिली. ती एकदमच पडली.

अप्पांना ते पसंत पडलं असतं. फक्त त्यांनी नानांना आधी जरा डावीकडे सरकवलं असतं. ऊन त्यांच्या डोळ्यात येत होतं.