अंगरख्याची चुरचुर

तीन आठवड्यांपूर्वी जानेफळला घरी गेलो होतो... लिहू का नको करत आज लिहितोय. बुलढाण्यात मी लग्नाच्या व्हिडिओंना साउंड लावतो आणि उरलेल्या वेळात डार्क ॲम्बियंट ट्रॅक बनवतो. म्हणजे तबला नाही, पेटी नाही, गाणारं कोणी नाही. साधेच आवाज एकावर एक चढवायचे आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आणायचा. आमचा दादा त्याला 'भुताचं भजन' म्हणतो.

या वेळी मला त्याच्या पाठीवरच्या फवारणी पंपाचा आवाज हवा होता. बीटी कपाशी आली तेव्हा वाटलं होतं फवारणी सुटली... पण अळी परत आली, आणि यंदा पऱ्हाटी दादाच्याही डोक्यावर गेलेली. फवारा वर मारायचा आणि तोच तोंडावर घ्यायचा. म्हणून वहिनीने त्याला जाड प्लास्टिकचा अंगरखा शिवून दिलेला, तोंडाच्या पट्टीसकट.

मी त्याच्या कॉलरला माइक लावला, तर त्यात नुसती अंगरख्याची चुरचुर. म्हटलं, दादा, अर्धा तास काढ ना हे. "तू म्हणशीन तसं बाप्पा," म्हणाला आणि काढला. मी घडी करून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर ठेवला.

अर्ध्या तासाने माइक घेऊन खुशीत घरी आलो. अंगरखा परत घाल, एवढं सांगायचं राहूनच गेलं.

जेवून हेडफोन लावले. खाली बोअरच्या मोटरीची घरघर, तिच्यावर पऱ्हाटीतला वारा, सगळ्यात वर पंपाच्या दांड्याचा ठोका... खटक, फुस्स. सुरुवातीला ठोका इतका सारखा की मला काही करावंच लागलं नाही. मग तो चुकायला लागला. वाटलं, लॅपटॉप अडकतोय. बाकीचे थर बंद केले, आवाज वाढवला.

ठोक्यांच्या मधे दादा धापा टाकत होता. सारखा थुंकत होता. आणि मग अगदी हळू, स्वतःशीच... "डोयाले अंधारी येऊन राह्यली."

हे दोन तासांपूर्वीचं होतं. तो हे बोलला तेव्हा मी जवळच बाभळीखाली बसलो होतो, आणि माझं रेकॉर्डिंग बिघडू नये म्हणून त्याने हाक मारली नव्हती.

फोन लावला, उचलेना. वहिनीला मागे बसवून शेताकडे गाडी हाणली. दादा पाण्याच्या ड्रमजवळ आडवा, घामाने भिजलेला, तोंडाला फेस. वहिनीने शर्ट फाडून काढला, अंग धुतलं, फवारणीच्या औषधाची बाटली बरोबर घेतली. दोघांच्या मधे धरून त्याला मेहकरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर दोन दिवस काही सांगत नव्हते. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. तिसऱ्या दिवशी दादाने चहा मागितला.

दवाखान्याच्या बाकावर वहिनीला सांगायला गेलो की अंगरखा मीच काढायला लावला... त्याआधी तीच म्हणाली, "माहीत हाय मले, भाऊजी. घडी करून ठेवला होता. त्यायले कधी घडी घालता येते का?" मी रडलो. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

दादा आता बरा आहे. डॉक्टरांनी त्याची फवारणी बंद केली, म्हणून उरलेली मी करतोय. वहिनी माझ्या अंगरख्याची नाडी स्वतः बांधते, गाठ दोनदा ओढून बघते. बोलत अजूनही नाही फारशी.

ट्रॅक तसाच पडलाय. दादा थोडा लांब, कडुलिंबाखाली खाटेवर बसून असतो. एवढ्या उंच पऱ्हाटीत मी त्याला दिसत नाही, पण चुरचुर जरा थांबली की लगेच हाक येते... "हायेस ना बे?"

मी "हाव" म्हणतो, आणि पुढे चालतो.