चार बोटं चरबी

नोरुझच्या, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या, सणाला सगळं गाव नदीवरच्या पुलापाशी जमलं होतं. बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता. आणि अशा भर गर्दीत ओमुर्झाकचा घोडा त्याच्यासकट खाली बसला.

पडला नाही. घसरलाही नाही. पुलाच्या तोंडाशी थांबला, मान वळवून पाठीवरच्या माणसाकडे एकदा पाहिलं, पुढचे गुडघे मोडले, मग मागचे, आणि उंटासारखा शांतपणे बसला. ओमुर्झाकचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. तो खोगिरावर होताही आणि उभाही होता.

"डॉक्टर," कुणीतरी ओरडलं, "आता त्याला तुम्ही पाठीवर घ्या! पाळी तुमची!"

पूल हसला. ओमुर्झाकही हसला. तो त्या गावचा गुरांचा डॉक्टर. नारीन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतलं गाव. चाळिशी उलटलेला माणूस, गोल चेहरा, गोल पोट, आवाज मात्र बारीक. त्याच्यावर हसण्याचा गावाला हक्कच होता, आणि त्याची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

एकटा एसेनकुल हसला नाही. एसेनकुल म्हणजे ओमुर्झाकचा थोरला भाऊ. काठीसारखा सरळ आणि काठीसारखाच कोरडा. दुपारी तो चहाला आला आणि न बसताच बोलला.

"तोरू आपल्या बापाच्या कळपातला घोडा. थोरला मी. म्हणजे शब्द माझा."

"हो, बायके," ओमुर्झाक म्हणाला. बायके म्हणजे दादा; थोरल्या भावाला तो दुसऱ्या कुठल्या नावानं कधी हाक मारत नसे.

"जो माणसाला वाहत नाही, तो घोडा नाही. ते चालतं मांस आहे."

"घोड्यात काही खोट नाही, बायके. मी तपासलाय. खोट माझ्यात आहे."

"ते दिसतंच आहे. पण तुला कापता येत नाही."

मग त्यानं निकाल सांगितला. पहिल्या बर्फापर्यंत मुदत. तोरू ओमुर्झाकला घेऊन, मध्ये न बसता, वरच्या खिंडीपर्यंत गेला तर राहील. नाही गेला, तर यंदाच्या हिवाळ्याचं मांस तोच. हिवाळ्यात एक घोडा लागतोच. शिवाय मेजवानीची पाळी यंदा एसेनकुलची होती.

भाऊ गेल्यावर ओमुर्झाक गोठ्यात गेला. तोरू वाळलेलं गवत चघळत होता. त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता.

"तू बसलास," ओमुर्झाक त्याला म्हणाला, "आणि मला उपाशी राहायला लावलंस."

पण उपाशी राहणं ही त्याच्यासाठी वेगळीच भानगड होती. ओमुर्झाक खादाड नव्हता. उलट, त्याच्याइतका नखरेल माणूस त्या दरीत दुसरा नव्हता. मांस तो खात नसे. कांदा दिसला की ताट सरकवत असे. गाजर त्याला ओलं वाटे, कोबीचा वास येई, आणि रश्शात तरंगणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता. उरलं काय? नान, साय, जर्दाळूचा मुरांबा, तळलेला बटाटा आणि चहाबरोबरच्या गोड गोळ्या. या एवढ्याच गोष्टींवर तो तेवढा झाला होता.

दवाखान्यातल्या नर्सचं नाव बुरुलचा; सगळे त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणत. आपांनी त्याला काट्यावर उभं केलं. मग काट्याकडे न बघता त्याच्याकडेच बघितलं.

"काय खातोस?"

"नान."

"नुसता?"

"सायीबरोबर."

"आणि सायीवर?"

"मुरांबा, आपा."

"भाजी?"

ओमुर्झाक खिडकीबाहेर बघू लागला. "बटाटा भाजीच ना?"

"तू तळलास की नाही." आपांनी चष्मा काढला. "हे बघ, बाळा. वजन पोटानं उतरत नाही, मनानं उतरतं. मनासमोर सतत काहीतरी ठेवावं लागतं. माझ्या बहिणीनं लग्नातला झगा खुंटीला टांगला होता. रोज बघायची."

"मग? झाली बारीक?"

"झगा उसवला तिनं."

ओमुर्झाककडे झगा नव्हता. त्यानं मनासमोर घोडा ठेवला. सायीची वाटी दिसली की तो उठायचा, गोठ्यात जायचा, तोरूचा लांबट चेहरा दोन्ही हातांत धरायचा आणि परत यायचा. पहिल्या दिवशी हे कामाला आलं. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि साय खाऊन पुन्हा गोठ्यात गेला, माफी मागायला.

त्याची बायको सोनुनबू हुशार होती. तिनं मांटूच्या आत, वाफवलेल्या कणकेच्या त्या पुरचुंड्यांत, गाजर बारीक चिरून लपवलं. ओमुर्झाकनं एक मांटू दिव्याकडे धरली. मग खिशातून कामाचा चिमटा काढला, पुरचुंडी उघडली आणि गाजराचा एकेक कण काढून बशीच्या कडेला ओळीनं मांडला.

"अहो," सोनुनबू म्हणाली, "मांटू आहे ती. मेलेली मेंढी नाही."

"मेंढीत इतकं काही लपवलेलं नसतं," तो म्हणाला.

तरी घरचं एक वेळ जमलं असतं. खरी अडचण बाहेर होती. गुरांच्या डॉक्टरला दिवसभर दारोदार फिरावं लागतं. आणि आमच्याकडे कुणाच्याही दारातून नानला तोंड न लावता जाता येत नाही. मेंढीला टोचायला या, गाय बघायला या, नुसता रस्ता विचारायला या. घरची बाई नान घेऊन दारात उभी राहते. "तोंड लावून जा!" तुकडा मोडायचा, खायचा, मग निघायचं. न खाता निघालात तर तुम्ही त्या घराचा अपमान केलात. आणि डॉक्टरनं नाकारलं तर आणखी भलतंच. मागे एकदा एका वासराला पोटदुखी झाली होती, ओमुर्झाकचंही पोट बिघडलं होतं, आणि त्यानं नानला नको म्हटलं. संध्याकाळपर्यंत गावात बातमी होती की त्या घरच्या दुधात रोग आहे, डॉक्टर लपवतोय. त्या बाईची साय पुढे बरेच दिवस कुणी विकत घेतली नाही. तेव्हापासून ओमुर्झाकनं कुठल्याही दारात नको म्हणून मान हलवली नव्हती. आणि प्रत्येक दारात नानवर मुरांबा होता, कारण डॉक्टरला काय आवडतं ते गावाला पाठ होतं.

उपाय त्याला अचानक सुचला. एका दारात त्यानं तुकडा मोडला, ओठांना लावला, "वा, आपा, वा!" म्हणाला आणि बोलता बोलता हात पाठीमागे नेला. तोरू औषधांची पेटी पाठीवर घेऊन मागेच उभा होता. त्यानं तुकडा अलगद घेतला.

बाई खूश. ओमुर्झाक खूश. तोरूला मिश्या असत्या तर त्यानं त्या चाटल्या असत्या.

वसंत गेला, उन्हाळा आला. ओमुर्झाक खरंच उतरू लागला. विजार पट्ट्यानं आवळावी लागली. गालांच्या खालून हनुवटी वर आली. ती आजवर कुणी पाहिली नव्हती. बायका सोनुनबूला विहिरीपाशी गाठून विचारू लागल्या, "का गं, भांडलीस का त्याच्याशी? जेवायला घालत नाहीस?" एका म्हातारीनं तर त्याच्यावर धुरी फिरवली.

त्याला अभिमान वाटू लागला. इतका, की त्यानं पुढ्यातलं सोडून मागचं काही पाहिलंच नाही. रोज गुरांच्या कुशीवर हात फिरवणारा माणूस. स्वतःच्या घोड्याचं खोगीर पोटाखाली बांधताना वादी पुरत नाही, हे त्याला दिसत होतं. त्याला वाटलं, चामडं आटलंय.

शरद ऋतूत एसेनकुल वरच्या कुरणांवरून खाली आला. त्यानं भावाकडे बघितलं. मग भावाच्या मागे बघितलं. आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते ओमुर्झाकनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. भाऊ हसत होता.

तो पुढे झाला. तोरूच्या बरगड्यांवर त्यानं बोटं आडवी ठेवून दाबली, जशी खाटीक दाबतात.

"चार बोटं!" तो कुजबुजला. "ओमुर, चार बोटं चरबी! शाबास, वाघा!"

"बायके, मी बारीक झालोय. बघा ना. माझ्याकडे बघा."

"बघितलं. बस त्याच्यावर."

ओमुर्झाक चढला. तोरूनं चार पावलं टाकली, धाप टाकली आणि बसला. या वेळी तो स्वतःच्याच वजनानं बसला होता.

"झालं तर!" एसेनकुलनं हात झटकले. "पाहुण्यांना सांगून टाकतो. असा घोडा या दरीत बापाच्या वेळेपासून कुणी कापला नसेल."

ओमुर्झाक बराच वेळ अंगणात, बसलेल्या घोड्यावर बसून राहिला.

"अहो, उतरा," सोनुनबू म्हणाली. "विचार उभ्यानंही करता येतो."

"पहिलं बर्फ पडेपर्यंत वेळ आहे," तो म्हणाला. "आता याला बारीक करायचं."

नान बंद झाला. तोरूपुढे गवत टाकलं. त्यानं गवताचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. ओट ठेवले. त्यानं नाकानं ओट उधळून खाली मुरांबा आहे का ते पाहिलं. गाजर दिलं. त्यानं ते दातांत धरलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि हळूच ओमुर्झाकच्या बुटावर सोडलं.

सोनुनबू दारात उभी होती. "आता घरात दोन झाले," ती म्हणाली.

"घोड्यांना गाजर आवडतं!" ओमुर्झाक कळवळून म्हणाला. "जगात सगळ्या घोड्यांना आवडतं!"

"माणसांनाही आवडतं म्हणतात."

मग त्यानं खाली वाकून दुसरं गाजर उचललं, बाहीला पुसलं आणि डोळे घट्ट मिटले. कडकन चावला. तोरूनं कान टवकारले. ओमुर्झाक चावत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गिळताना त्यानं खांबाला धरलं.

"बघ," तो भरल्या आवाजात म्हणाला. "मी खाल्लं. मेलो नाही. आता तू."

तोरूनं विचार केला. मग मान पुढे करून उरलेलं अर्धं गाजर त्याच्या हातातून घेतलं.

त्यानंतर गावाला रोज एक तमाशा फुकट मिळू लागला. डॉक्टर पुढे, घोडा मागे, दोघं पायीच चढाला लागलेले. वाटेत थांबून एक पान कोबीचं डॉक्टर खाणार, एक घोडा खाणार. डॉक्टर तोंड वेडंवाकडं करणार, घोडा त्याचं बघून करणार. दारात बाया नान घेऊन उभ्या राहिल्या की ओमुर्झाक चिमूटभर तुकडा खरंच खायचा आणि घाईनं लगाम ओढायचा. तोरू दारातून हलायला तयार नसायचा. मग ओमुर्झाक त्याच्या कानात काहीतरी बोलायचा. काय बोलायचा ते कुणाला ऐकू आलं नाही. पण एका बाईनं शपथेवर सांगितलं, की त्यात "खिमा" हा शब्द होता.

बर्फ पडलं. एसेनकुल आला तो हात चोळतच. त्यानं बरगड्यांवर बोटं ठेवली. दाबली. जागा बदलून पुन्हा दाबली. मग स्वतःच्या बोटांकडे संशयानं पाहिलं.

"कुठे गेली?"

"काय, बायके?"

"चरबी!"

"चालून गेली," ओमुर्झाक म्हणाला आणि खोगिरावर चढला.

खिंडीची वाट गावातून सरळ दिसते. सगळे बघत होते. बर्फात एक बारीक होत जाणारा ठिपका. तो एका वळणावर थांबला तेव्हा एसेनकुलनं मान पुढे काढली. पण ठिपका फक्त श्वास घेत होता. तो पुन्हा हलला आणि वर, खिंडीच्या दगडांपाशी जाऊन पोचला. तिथून एक बारीक आवाज आला. ओमुर्झाक आनंदानं ओरडत होता. काय ते कळलं नाही.

एसेनकुलनं शब्द मोडला नाही. शब्दाचा तो पक्का होता. पण खाली उतरलेल्या भावाला त्यानं बाजूला घेतलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"ओमुर, मी खालच्या गावांत सगळ्यांना सांगितलंय. चार बोटं म्हणून सांगितलंय. परवा येतायत."

मग एसेनकुल कुणाला न सांगता बसनं शहराच्या बाजारात गेला आणि घोड्याच्या मांसाचं सॉसेज पिशव्या भरून विकत घेऊन आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं असं काही केलं. घरचं म्हणून ते ताटांत मांडलं गेलं.

भर दुपारी एसेनकुलच्या घरी मेजवानी झाली. खालच्या गावांतून आलेले पाहुणे गोल बसले; खिंडीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. ओमुर्झाकलाही बोलावणं होतं, आणि बर्फात दुसरं वाहन नव्हतं, म्हणून तो तोरूवरूनच आला होता. तोरूला त्यानं घरामागे बांधलं होतं. निदान त्याला तसं वाटलं होतं.

सर्वांत वडीलधारे कालिक आजोबा. त्यांनी पहिली चकती तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"काय घोडा होता!" ते म्हणाले. "लोण्यासारखा. ओमुर्झाक, तू खात नाहीस, पोरा?"

"मी मांस खात नाही, आजोबा."

"समजलं. स्वतःचा घोडा. कसा घास उतरेल!" त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. "आम्ही खातो तुझ्या वाटचं. दुःख वाटून घ्यावं."

सगळ्यांनी दुःख वाटून घेतलं. ताटं रिकामी होत गेली. एसेनकुल चहा ओतत होता. तेवढ्यात खिडकीवर धुकं आलं. काचेला एक मोठं, ओलं नाक चिकटलं. नाकाच्या वर दोन डोळे होते. ते ताटांमधल्या नानकडे बघत होते.

"हा कोण?" आजोबांनी विचारलं.

एसेनकुलच्या हातातली चहाची वाटी कलंडली. "त्याचा... भाऊ," तो म्हणाला.

आजोबांनी घोड्याकडे बघितलं. मग ताटाकडे. मग पुन्हा घोड्याकडे, बराच वेळ.

"भाऊ फारच वाळलाय."

"दुःखानं," ओमुर्झाक म्हणाला.

आजोबांनी डोळे पुसले आणि आणखी एक चकती उचलली.