पातेल्यावरचं साल

आपल्या सासूबाईंना सगळं आठवतं, यावर शलाकाचा काडीइतका विश्वास नव्हता. गुजरातेतल्या मांजलपूरच्या त्या सोसायटीत मात्र जिजाबाई म्हणजे चालतंबोलतं पंचांग. बायका जिन्यात अडवून तारीख विचारायच्या. जिजाबाई क्षणभर डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "बारा ऑगस्ट त्र्याहत्तर? रविवार. खंडेराव मार्केटातनं पडवळ आणलं, ते आतून किडकं निघालं."

बायका थक्क व्हायच्या. शलाका मनात म्हणायची, चोवीस वर्षांपूर्वीच्या किडक्या पडवळाला साक्षीदार कोण? थाप मारावी तर अशी, सापडायची सोयच नाही.

एरवी तिने सोडूनही दिलं असतं. पण घरात शब्दाला शब्द लागला की नवरा शौर्य एकच वाक्य बोलायचा, "आईला आठवतंय ना? मग संपलं." दूध उतू कोणी घालवलं, माहेरी जायचं कधी ठरलं होतं, कोण कोणाला आधी काय बोललं, सगळे निकाल जिजाबाईंच्या बाजूने. लग्नाला दीड वर्ष झालं, शलाका एकही भांडण जिंकली नव्हती. आठवी शिकलेली, जुन्या संस्थानातल्या सुभेदाराची मुलगी, आता विधवा. हिच्या डोक्यात असं काय आहे जे आपल्या पदवीधर डोक्यात नाही? कुठेतरी वही लपवलेली असणार. गादीखाली, देव्हाऱ्यामागे, धान्याच्या डब्यातसुद्धा तिने हात घालून पाहिला. वही काही मिळेना. सासूची एक चूक, एकच, तिला हवी होती.

ती सापडली सत्त्याण्णवच्या एप्रिलात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं करायचं म्हणून माळ्यावरचं पितळी पातेलं काढलं. चिंच लावून घासताना काठावरची गुजराती अक्षरं उजळली. कोल्हापूरहून आलेली शलाका बसवरच्या पाट्या वाचून ती लिपी शिकली होती. अक्षर अक्षर जुळवत तिने वाचलं: चि. अवंतीच्या नामकरणाची भेट, संवत २०२५, वैशाख.

अवंती कोण? हे नाव या घरात कोणी कधी काढलं नव्हतं. पण पातेलं सासूबाईंचं, म्हणजे मूलही त्यांचंच. संवतातून सत्तावन्न वजा केले की इसवी सन, हे तिला शाळेपासून पाठ. म्हणजे अडुसष्ट. आणि सासूबाईंचं लग्न तर सदुसष्टच्या डिसेंबरातलं! लग्नानंतर पाच महिन्यांत बारसं? पाणी कुठे मुरतंय ते तिला लख्ख दिसलं. ही बाई नुसती खोटारडी नाही, हिने काहीतरी दडवलंय. शलाकाला आनंद झाला. होय, आनंदच झाला.

शुक्रवारी घर बायकांनी भरलं. शेजारच्या कांचनबेन कौतुकाने म्हणाल्या, "जिजाबेनची याददाश्त म्हणजे कमाल!"

शलाका पन्ह्याचा पेला हातात घेऊन उभी होती. "आई, तुमचं लग्न कधी झालं?"

"दहा डिसेंबर सदुसष्ट. रविवार."

"मग अडुसष्टच्या वैशाखात अवंतीचं बारसं कसं झालं?"

जिजाबाई हळू म्हणाल्या, "अडुसष्ट नाही. तीस एप्रिल एकोणसत्तर. बुधवार."

"पातेल्यावर दोन हजार पंचवीस आहे. सत्तावन्न वजा करा."

कांचनबेननी कपाळावर हात मारला. "अरे, अमारुं वरस तो दिवाळीए बदलाय! तुमचं गुढीपाडव्याला, आमचं दिवाळीला. वैशाखात छप्पन वजा करायचे, बेटा."

बायका बोटांवर मोजू लागल्या, मग त्या अवंतीला कोणीच कधी पाहिलं नव्हतं हे लक्षात येऊन थांबल्या. एकेक जण ओटीतले हरभरे सावरत निघून गेली. हळदीकुंकवातून बायका इतक्या लवकर उठल्याचं त्या घराने कधी पाहिलं नव्हतं.

स्वयंपाकघरात जिजाबाई भांडी आवरत होत्या. "शौर्यच्या वडिलांच्या ऑफिसातल्या गुजराती मित्राने दिलं होतं ते," त्या म्हणाल्या. "आमची पहिली मुलगी. दोनशे वीस दिवस होती. कुठल्या दिवशी ती हसली, कुठल्या दिवशी दूध टाकलं, सगळे दिवस आहेत माझ्याकडे. शेवटचासुद्धा. तो आला की आजच आल्यासारखा येतो. म्हणून नाव काढत नाही."

शलाकाला रडू फुटलं. तिने वाकून सासूचे पाय धरले. "आई, चुकलं माझं. विसरून जा हो."

जिजाबाईंनी तिला उठवलं, पदराने तिचे डोळे पुसले. हात मायेचा होता, त्यात खोट नव्हती.

"माफ केलं गं. मनापासून केलं," त्या म्हणाल्या. "पण विसरू कशी? पंचवीस एप्रिल, शुक्रवार. तू जांभळी साडी नेसली होतीस. विचारताना तू हसत होतीस."