पावणेदोन किलोमीटरचा मुकादम

दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारा तो राज्य महामार्ग शहरातल्या शहरात जेमतेम पावणेदोन किलोमीटर धावून संपायचा. नाव महामार्गाचं आणि जीव गल्लीएवढा, अशी कचेरीत त्याची चेष्टा चाले. मुकादम मात्र बावीस वर्षं रोज सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाई, चालत परत येई आणि खड्डा, वाकलेला कठडा, हललेलं झाकण, जे दिसेल ते वहीत मांडी. त्याच्या नजरेतून खडीचा दाणा सुटत नाही, असं लोक म्हणत.

गुरुवारी सकाळी त्याची बायको दवाखान्यात वारली. त्याच दुपारी एका शिक्षिकेची स्कूटर उघड्या चेंबरमध्ये गेली आणि बाईंचा पाय मोडला. झाकण आदल्या रात्रीपासूनच गायब होतं, असं पंक्चरवाल्याने सांगितलं. वहीत गुरुवारच्या पानावर मुकादमाच्या अक्षरात 'सर्व ठीक' होतं.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. मुकादमाच्या नावाचा अर्ज त्यांनीच लिहून ठेवला होता. मुकादम गुरुवारी आलाच नव्हता, नोंद सवयीने आदल्या दिवशीच करून ठेवली होती, असं त्यात होतं. एवढ्यावर फक्त ताकीद मिळाली असती. समोरचं उघडं चेंबर सोडून 'ठीक' लिहिलं म्हटलं तर निलंबन, तेही निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना. तुमच्यावर डोंगर कोसळलाय, कोण खोलात जाणार आहे, असं साहेब समजावत राहिले.

डोंगरबिंगर मुकादमाला काही जाणवत नव्हतं. चार दिवस कानात कापूस कोंबल्यासारखं होतं. त्याने चष्मा लावून अर्ज वाचला आणि तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. 'पत्नीच्या अखेरच्या क्षणी मी तिच्या उशाशी होतो.'

उशाशी मेहुणी होती. बायको म्हणाली होती, आज नका जाऊ, रस्ता काय पळून जातोय? तासाभरात येतो, म्हणून तो निघाला. फोन आला तेव्हा तो पलीकडच्या टोकाला होता. रिक्षा करायचं सुचलंच नाही. तो नेहमीसारखा चालत परत आला, वही भरली, मग दवाखान्यात गेला.

"ही ओळ काढा, साहेब."

"अहो, तीच तर तुम्हाला वाचवणार आहे."

"मी रस्त्यावर होतो. जाताना, येताना, दोनदा त्या चेंबरशेजारून गेलो. दिसलं नाही."

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. मुकादमाने चार ओळी लिहिल्या, सही केली. संध्याकाळपर्यंत निलंबनाचा आदेश हातात पडला.

घरी मेहुणी बहिणीचे कपडे आवरत बसली होती. चार दिवस ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. कचेरीत हजेरी सांगावी तशा सुरात त्याने सगळं सांगितलं.

"एक ओळ खोटी लिहून काय बिघडलं असतं?" ती म्हणाली. "ताई थोडीच वाचायला येणार होती?"

"उशाशी तू होतीस," तो म्हणाला.

मेहुणीने ढिगातले अर्धे कपडे त्याच्याकडे ढकलले. तो खाली बसला आणि काठाला काठ जुळवून घड्या घालू लागला.