लीसी अक्काचे दोन पाय

लीसी नोनाला मी लहानपणापासून लीसी अक्का म्हणतो, ती मला मल्ली, म्हणजे धाकटा भाऊ. वलस्मुल्ल्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि माझ्या दुकानासमोरच तिची पंगिरी तेलाची भट्टी. पंगिरी म्हणजे गवती चहाची दांडगी बहीण. चहात घालाल तर चूळ भरत बसाल. गवत दिवसभर सुकवायचं, पिंपात ठासायचं, खालून वाफ द्यायची. वाफेची नळी थंड पाण्याच्या टाकीतून गेली की पलीकडे पाण्यावर तरंगत तेल येतं. तीस वर्षं अक्का हेच करतेय, पण अजून दर खेपेला हुंगून मलाच विचारते, "आज वास जरा लिंबाकडे झुकलाय ना रे? का बरं?" मला काय कळतंय!

अक्काच्या भट्टीपाशी डास फिरकत नाहीत, हे गावात सगळ्यांना पाठ. म्हणून तर नव्या वर्षाचा झोका दर एप्रिलला भट्टीमागच्या फणसाला बांधतात. यंदा पावसाने ओढ दिली, गवत खुरटलं आणि भट्टी दोन महिने थंड होती. नव्या वर्षाच्या मुहूर्तावरच विस्तव पेटवायचा, असं अक्कानं ठरवलं होतं. मधल्या दोन सरींनी टाकी भरून दिली, तेवढीच तिची पाणी वाहायची दगदग वाचली.

झोक्यावर येणाऱ्या पोरांच्या पायांना ती रोज सकाळी खोबरेलात पंगिरी घालून चोळायची आणि सांगायची, "आता दिवसभर डास नाही!" तरी दोन मुलांना डेंगू झाला. त्यातली एक माझी हसारा.

हॉस्पिटलातून मी थेट भट्टीवर गेलो. "अक्का, तुझं तेल लावून माझ्या पोरीला डास चावले कसे?"

"कसे बरं?" ती म्हणाली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझी पोर सलाइनवर आणि हिला कोडं पडलंय. मी तिला नको ते बोललो आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर अक्का झोक्यावर. लुंगी गुडघ्यापर्यंत वर, एक पाय तेलानं चकचकीत, दुसरा कोरडा, मांडीवर घड्याळ.

"या वयात झोका?" मी दुकानातूनच टोमणा मारला.

"मल्ली, इकडे ये. कोरड्या पायाला बसल्या बसल्या दोन चावले. माझ्या भट्टीपाशी!"

मग सव्वा तासानं तेलाच्या पायालाही डास चावला. पोरं तर दिवसभर झोक्यावर असायची, घामेजलेली. अक्कानं पाय खाजवत वेळ मनातल्या मनात घोकली आणि उठली. "पण हे येतात कुठून?" म्हणत ती डबे, करवंट्या उलट्या करत फिरली आणि शेवटी टाकीवर वाकली. तिथून तिनं मला हाक मारली.

टाकीत अळ्या वळवळत होत्या. भट्टी पेटलेली असली की ते पाणी सारखं बदलावं लागतं, त्यामुळे हे कधी दिसलंच नव्हतं. आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर घरोघरच्या कुंड्या तपासून गेला, पण भट्टीवर तोही आला नव्हता. तिथे डास नसतात ना!

"तेल ओत आणि गप्प बस," मीच म्हणालो. लाज वाटते सांगायला. पण टाकी उपसली तर कालव्यावरून पाणी आणून ती भरण्यात मुहूर्त जाणार होता, आणि बोभाटा झाला तर भट्टीला टाळं.

तिनं आधी टाकीतलं पाणी अळ्यांसकट बाटलीत घेऊन त्यात तेल ओतून पाहिलं. सकाळपर्यंत अळ्या मेल्या. माझा जीव भांड्यात पडला. तिचा नाही. बाटली तिनं उन्हात उघडी ठेवली, तिसऱ्या दिवशी टाकीतल्या ताज्या अळ्या तीत सोडल्या. त्या मजेत पोहत राहिल्या.

"तेल उडून गेलं," ती म्हणाली. "वास गेला, तेव्हाच कळायला हवं होतं मला."

मग तिनं मुहूर्ताची वाट न पाहता टाकी उपसली. आमच्याकडे त्या दिवसांत मुहूर्ताआधी कुणी कामाला हात लावत नाही. शेजारणी कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. टाकीच्या तोंडावर तिनं जाळी ताणून बांधली, तळाची बादलीभर अळ्यांची घाण मात्र ठेवली आणि इन्स्पेक्टरला निरोप धाडला.

तो आला, बादलीत डोकावला. "टाकी तर कोरडी आहे, अम्मे. आता काय लिहू?"

"होती तसं लिहा, महत्तया," ती साहेबाला म्हणाली. "लीसी नोनाची टाकी. झोक्यापासून दहा पावलं."

त्यानं टाळं ठोकलं, भट्टी महिनाभर बंद राहिली. हसारा घरी आली त्या संध्याकाळी अक्का दारात उभी, आत येईना.

हसारानं अंथरुणातूनच आपल्या या मानलेल्या आत्याला विचारलं, "नंदे, तुझं तेल खोटं होतं का गं?"

"नाही, बाळा. तेल सव्वा तास खरं होतं," अक्का म्हणाली. "मी तुला दिवसभराचं सांगितलं."